ऐकून निवडायची मुलं

बुलडाणा जिल्ह्यात मूल चौथी-पाचवीत गेलं की घरात दोन परीक्षांची नावं निघू लागतात, शिष्यवृत्ती आणि नवोदय. शेगावच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीसाठी 80 जागा असतात. त्यांच्यासाठी घाटावरच्या आणि घाटाखालच्या तेराही तालुक्यांतली हजारो मुलं दोन तासांच्या चाचणीला बसतात. बौद्धिक क्षमतेचे 40 प्रश्न, अंकगणिताचे 20, भाषेचे 20. निदान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना मिळतात. निवड झाली की राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं यांची काळजी शाळा घेते. देशात अशा पहिल्या दोन शाळा 1985-86 मध्ये सुरू झाल्या. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. शेतमजुराचं हुशार लेकरू शोधून काढायचं आणि सरकारी खर्चानं शिकवायचं, ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही.

खेळातही असंच घडतं. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी 1996 पासून लहान मुलांची उंची, वजन, उभी उडी, लवचीकपणा, धावण्याचा वेग मोजून निवड करतात आणि निवडलेल्यांना वसतिगृहात ठेवून घडवतात. शेजारच्या अकोल्याची प्रबोधिनी मुष्टियुद्धासाठी नावाजलेली आहे. म्हणजे गणिताची समज मोजणारी परीक्षा आहे, पायांतला जोर मोजणारीही आहे. मुलाचा कान आणि गळा जोखून शाळेत घेणारी सरकारी परीक्षा मात्र नाही.

चिखलीत गाण्याचा वर्ग चालवणाऱ्या एका संगीतशिक्षिकेला ही उणीव रोजच्या कामात जाणवते. गावात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. वर्ग म्हणजे घराची पुढची खोली. तिथे दोन पेट्या, तबल्याची एक जोडी आणि भिंतीला टेकवलेला मिरजेचा तानपुरा. वीज गेली तरी चालणारा मोबाइलमधला तानपुरा हल्ली त्यांच्या जोडीला असतो. पाचवीची मुलं नवोदयच्या शिकवणीवरून थेट इथे येतात, मोठी मुलं शिष्यवृत्तीच्या जादा तासावरून. बहुतेक जण अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, मग विशारद. अशा परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळू लागले, तेव्हापासून खेड्यांतले पालकही चौकशीला येऊ लागले. बाईंना त्याचा आनंदच आहे. गुणांच्या निमित्तानं मूल पेटीपाशी बसतं आणि बसलेल्यांपैकी दोन-चार तरी गुणांच्या पलीकडे जातात.

पण जे खोलीपर्यंत पोचतच नाहीत, त्यांचं काय? चित्रकलेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा शासनाचं कला संचालनालय घेतं, म्हणून खेड्यातल्या हायस्कुलातही चित्रकलेचा कागद पोचतो. संगीताचं तसं झालं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत उच्च प्राथमिक शाळेसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे, तोही शाळेचा पट शंभराच्या वर असेल तर. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट शंभराला शिवत नाही. तिथलं मूल गातं का, कसं गातं, हे पाहायला कुणी जात नाही.

त्यामुळे सूर ओळखला जाणं आजवर योगायोगावर राहिलं. वसंतराव देशपांडे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे, जन्म 1920 चा. त्यांचं बालपण नागपूरला गेलं, शंकरराव सप्रे यांच्यासारखा गुरू लहानपणीच मिळाला आणि 1935 च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात ते बाळकृष्ण म्हणून उभे राहिले. पुढे संसारासाठी त्यांना लष्करी हिशेब खात्यात बरीच वर्षं नोकरी करावी लागली, ती वेगळी कथा. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या गळ्यात पडली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताच्या पहिल्या पावलांमध्ये घाटावरच्या या गावाचं नाव कायमचं लागलं. योग्य वेळी योग्य माणूस भेटला म्हणून हे घडलं. ज्यांना असा माणूस भेटला नाही, त्यांची नोंद कुठेच नाही.

बाई आणि जिल्ह्यातले आणखी काही संगीतशिक्षक मिळून मे महिन्यात बुलडाणा शहरात निवासी शिबिर घेतात. घाटाखाली पारा 44 अंशांच्या पुढे जातो तेव्हा बुलडाण्याची हवा त्यातल्या त्यात सोसवते आणि सुट्टीमुळे वसतिगृह रिकामं मिळतं. जागा मोजक्या आणि येणारी मुलं पुष्कळ, म्हणून निवड करावी लागते. होतकरू मुलांच्या सरकारी संगीतशाळेबद्दल बाई आज जे ठामपणे बोलतात, ते या निवडीच्या कामातून आलेलं आहे.

सुरुवातीला चाचणी म्हणजे तयार केलेलं एक गाणं एवढंच असायचं. मूल उभं राहायचं, डोळे मिटून भक्तिगीत किंवा छोटा ख्याल म्हणायचं, शिक्षक गुण द्यायचे. हळूहळू बाईंच्या लक्षात आलं, की तयार गाणं मुलाइतकंच त्याच्या शिकवणीबद्दल सांगतं. ज्याच्या घरी पेटी आहे, ज्याची आई तालुक्याच्या गावी त्याला क्लासला नेते, त्याचं गाणं सफाईदार होणारच. त्यात त्याचे कष्ट असतात आणि त्यांचा मान ठेवलाच पाहिजे. पण शाळा निवडायला बसते ती पुढच्या पाच वर्षांसाठी, आणि पाच वर्षांचा अंदाज एका तयार गाण्यावरून लागत नाही.

म्हणून चाचणीत आणखी भाग आले. बाई चार स्वरांचा तुकडा म्हणतात, तोही पेटीवर न वाजवता गळ्यानं. मुलानं तो जसाच्या तसा म्हणायचा. मग पाच स्वर, मग सहा. पुढे तोच तुकडा दुसऱ्यांदा म्हणताना एक स्वर बदलतात आणि कुठे बदललं ते विचारतात. तबल्याचे शिक्षक टाळ्यांचा एक नमुना देतात, तो परत वाजवायचा. शेवटचा भाग बाईंच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा. मुलानं कधी न ऐकलेल्या बंदिशीची एक ओळ त्याला पंधरा मिनिटं शिकवायची, जेवायला पाठवायचं आणि दुपारी पुन्हा बोलावून विचारायचं, “सकाळचं काय राहिलं ध्यानात?” कुणाची ओळ घसरलेली असते. कुणाला शब्द आठवतात पण सूर नाही. एखादं मूल मात्र सकाळपेक्षा दुपारी ती ओळ चांगली म्हणतं, कारण जेवतानाही ती त्याच्या डोक्यात फिरत असते.

जगात जिथे अशा शाळा मुरल्या आहेत, तिथेही निवडीचा गाभा असाच आहे. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी 1936 मध्ये संगीत आणि कलेसाठी सरकारी हायस्कूल काढलं. कलागुण असलेल्या गरीब मुलाला फी न भरता शिकता यावं, हा हेतू. आज ती शाळा ला गार्डिया यांच्याच नावानं चालते आणि प्रवेशासाठी चाचणी द्यावी लागते. गायनाच्या उमेदवाराला तयार गाण्याबरोबर ऐकलेले स्वर आणि लयीचे नमुने परत करून दाखवावे लागतात. परीक्षकांना मुलानं आजवर काय मिळवलं हे पाहायचं असतं आणि त्याला पुढे काय शिकवता येईल हेही.

बुलडाण्याच्या चाचणीत एकदा देऊळगाव राजाकडचा एक मुलगा आला. सोबत आजोबा. मुलाच्या खांद्यावर त्याच्याहून जड वाटावा असा मृदंग. तो हरिनाम सप्ताहात साथ करायचा. तबल्याच्या शिक्षकांनी विचारलं, “भजनी ठेका किती मात्रांचा?” मुलगा गप्प. “सम कुठे?” पुन्हा गप्प. आजोबा अस्वस्थ झाले. तेव्हा बाईंनी काही न विचारता पेटी ओढली आणि एका अभंगाची चाल सुरू केली. मुलाचे हात आपोआप मृदंगावर गेले. बाईंनी लय वाढवली, तो मागे राहिला नाही. मध्येच त्या मुद्दाम अर्धी मात्रा थांबल्या, त्यानं ती जागा हलक्या बोलांनी भरली आणि समेवर त्यांची वाट पाहिली. आठ मात्रा त्याला मोजून माहीत नव्हत्या, पण हातांना पक्क्या ठाऊक होत्या. शिबिरात त्याला पहिल्या दिवशी मोजणी शिकवली आणि चौथ्या दिवशी तो इतरांना शिकवत होता.

असं मूल आकाशातून पडत नाही. त्याच्यामागे एक मोठी आणि जुनी शिक्षणपद्धती उभी आहे. जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे मुलं चार वर्षं राहून ज्ञानेश्वरी, गाथा, संस्कृत यांबरोबर गायन आणि मृदंग शिकतात. शेगावचं गजानन महाराज संस्थान खेड्यांतल्या भजनी मंडळांना वीणा, मृदंग, टाळ पुरवतं. दर आषाढीला शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी पालखी म्हणजे टाळ-मृदंगाचा महिनाभर चालणारा वर्गच. काकडा, हरिपाठ, कीर्तनाची साथ यांतून गावागावांत दहा-बारा वर्षांची टाळकरी पोरं तयार होतात. कोणत्याही शासकीय योजनेपेक्षा जास्त मुलांपर्यंत ही पद्धती पोचली आहे. गायनाचार्य, मृदंगाचार्य हे मान तिथे आजही कमवावे लागतात.

बाईंचा या परंपरेवर जीव आहे आणि म्हणूनच एक काळजीही आहे. भजनाची पट्टी उंच असते. मोठी माणसं काळी चारच्या आसपास गातात आणि त्यांच्या मागे उभी असलेली लहान मुलं शिरा ताणून सूर गाठतात. बारा-तेराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटू लागतो, तेव्हा हा ताण जास्त बाधतो. सहावीत ज्याचा गळा ऐकून सगळे थक्क झाले, तोच मुलगा आठवीत दोन ओळींत तीनदा अडखळतो. घरचे म्हणतात, आवाज गेला. मुलगा लाजून गाणं सोडतो. खरं तर काहीच गेलेलं नसतं. स्वरयंत्र वाढतंय, त्याला दीड-दोन वर्षं सांभाळून न्यावं लागतं. खालच्या पट्टीत, कमी वेळ, बिनताणाचं गायचं. उरलेला वेळ पेटीवर, तबल्यावर, ऐकण्यावर आणि स्वरलेखनावर द्यायचा. आठवड्यातून दोनदा भेटणाऱ्या शिक्षकाला हे जमत नाही, कारण मधल्या पाच दिवसांत मूल सप्ताहात जाऊन पुन्हा ओरडून गातं. मूल जिथे राहतं तिथेच संगीत असेल, तर जमतं. निवासी संगीतशाळा हवी, असं बाई म्हणतात त्यामागचं पहिलं कारण हे आहे.

दुसरं कारण दहावीचं वर्ष.

वर्गात सातवीपर्यंत खोली भरलेली असते. आठवीत संख्या घटते, नववीच्या दिवाळीनंतर आणखी. “आता दहावी हाय बाई, मंग पाहू,” असं सांगून पालक जातात आणि ‘मग’ सहसा येत नाही. दहावीनंतर अकरावी-बारावी विज्ञान, मग नीट नाही तर सीईटी. पालकांना दोष देऊन उपयोग नाही. कापूस नि सोयाबीनच्या भावावर ज्यांचं वर्ष अवलंबून असतं, त्यांना मुलाच्या हाती लवकर खात्रीची नोकरी हवी असते. अडचण अशी, की संगीतातही हीच वर्षं मोलाची. तेरा ते अठरा या वयात हात बसतो, गळा स्थिरावतो, राग डोक्यात घर करतो. रोज तीन-चार तासांचा रियाज लागतो तो याच काळात, आणि शाळेचा सगळा भारही याच काळात. दोन्ही एकाच छपराखाली आणि एकाच वेळापत्रकात बसवले, तरच मुलाला एकाची निवड करावी लागत नाही. नवोदय विद्यालयांत संगीतशिक्षकाचं पद असतं आणि तिथली मुलं छान गातात, हे बाईंनी कला उत्सवात पाहिलंय. 2015 पासून केंद्र सरकार घेत असलेल्या या स्पर्धेत नववी ते बारावीची मुलं उतरतात, जिल्ह्यावरून राज्यावर आणि तिथून देशपातळीवर जातात. पण नवोदयमध्येही मूल आधी गणितावर निवडलं जातं. त्यात गळा निघाला तर तो योग.

गावोगाव फिरताना आणखी एक गोष्ट बाईंच्या ध्यानात आली. या जिल्ह्यात संगीत जितकं आहे, तितकं स्पर्धांच्या मंचावर दिसत नाही. लोणार-मेहकरकडच्या बंजारा तांड्यांवर बायका मोकळ्या गळ्यानं गातात. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू आणि भिलाला वस्त्यांवर ढोल आणि बासरी असते. सैलानीच्या यात्रेत कव्वाली रंगते. गोंधळ्याचं संबळ आहे, भीमजयंतीला रात्रभर चालणारं गायन आहे, आणि घाटाखाली खंजिरी भजनावर तुकडोजी महाराजांची छाप अजून जाणवते. यातलं बहुतेक शाळेच्या स्नेहसंमेलनात येतं ते नाचापुरतं.

तांड्यावरची एक मुलगी तालुक्याच्या गायनस्पर्धेत गायली, तेव्हा बाई तिथे श्रोत्यांत होत्या. तिनं आजीकडून ऐकलेलं गाणं निवडलं होतं. वरच्या सप्तकात ती इतक्या सहज गेली, की मागची मुलं बोलायची थांबली. बक्षीस भावगीत म्हणणाऱ्या मुलीला मिळालं. तिचंही गाणं नीटस होतं. पण परीक्षकांच्या कागदावर ‘शब्दोच्चार’, ‘पेहराव’, ‘सादरीकरण’ असे रकाने होते आणि तांड्यावरच्या मुलीजवळ जे होतं त्याला रकानाच नव्हता. त्या वर्षीपासून शिबिराच्या चाचणीत मुलानं आपल्या घरचं गाणं म्हणायचं, घरच्या भाषेत म्हणायचं, असा एक भाग ठेवला आहे. परीक्षक त्यात फक्त तीन गोष्टी पाहतात. सूर टिकतो का, लय धरली जाते का आणि मूल गाण्यात आहे का.

सर्वांत अवघड भेट एका वाजंत्री कुटुंबातली होती. मुलगा डफडं असं वाजवायचा की ऐकणाऱ्याचे पाय थांबू नयेत. बाई स्वतः त्याच्या घरी गेल्या. वडिलांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमी पिढ्यान्‌पिढ्या वाजवूनच राह्यलो ना बाई. लग्नात वाजवतो, मयतीत वाजवतो. पोरानं शाळा शिकून पुन्हा थेच कराव का?” या प्रश्नाचं उत्तर कलेचं कौतुक करून देता येत नाही. ज्या वाजवण्यानं पोट भरलं, त्याच वाजवण्यानं दाराबाहेर बसवलं, हे त्या बापानं भोगलेलं होतं. बाईंनी त्यांना बिस्मिल्ला खाँसाहेबांबद्दल सांगितलं. देवळाच्या आणि लग्नाच्या दारातली सनई त्यांनी मैफलीत नेली आणि 2001 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. वडिलांना ते आवडलं, पण पटलं ते दुसरंच. सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, एक शिष्यवृत्ती दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. तिच्यात परंपरेनं कला जपणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत. सरकारी कागदावर आपल्या घराण्याची गणना ‘कलावंत’ म्हणून होते, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मुलगा शिबिराला आला.

तमिळनाडूनं या प्रश्नाला सरकारी उत्तर दिलेलं आहे. तिथे राज्य शासन जिल्ह्याच्या पातळीवर संगीतशाळा चालवतं. गायन, व्हायोलिन, मृदंगम, भरतनाट्यम यांच्या बरोबरीनं नादस्वरम आणि तविल हे देवळाच्या आणि लग्नाच्या मिरवणुकीतले वाद्यप्रकार त्या शाळांत शिकवले जातात आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. म्हणजे डफडं, संबळ, सनई ही वाद्यं शाळेच्या फळ्यावर आणणं अशक्य नाही. आपल्याकडे शासनानं 2022 मध्ये मुंबईत लता दीनानाथ मंगेशकरांच्या नावानं आंतरराष्ट्रीय संगीत महाविद्यालय सुरू केलं, ही मोठी गोष्ट झाली. पण ते महाविद्यालय आहे, आणि मुंबईत आहे. मेहकरच्या आठवीतल्या मुलीला तिथपर्यंत पोचायला मधली पाच वर्षं कुणी तरी सांभाळायला हवीत.

मराठी माणसाला अशी शाळा काढणं जमलेलंही आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. पुढे तिथल्या उपदेशक वर्गात मुलं शाळेतच राहून शिकत. जेवणखाण आणि शिक्षण शाळेचं, बदल्यात कित्येक वर्षं शिकण्याचा नि शिकवण्याचा करार. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही मंडळी पलुस्करांच्या हाताखाली घडली आणि त्यांनी देशभर संगीतशिक्षण नेलं. बाईंच्या वर्गातली मुलं ज्या परीक्षा देतात, त्यांचं मूळ तिथेच आहे. पण पलुस्करांची संस्था त्यांच्या मैफलींच्या कमाईवर आणि कर्जावर उभी होती. मुंबईतली इमारत अखेर कर्जापायी 1924 मध्ये हातची गेली. इतक्या थोर माणसाला जे एकट्यानं पेललं नाही, ते एखाद्या गावच्या क्लासवाल्यावर किंवा एखाद्या दात्यावर सोपवणं बरं नव्हे. बडोद्यात 1886 मध्येच सयाजीराव गायकवाडांच्या काळात मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली होती, तिच्यामागे संस्थानाची तिजोरी होती. शाळेच्या वयातल्या संगीताला तशी तिजोरी आज शासनाचीच असू शकते.

निवड केली की नाकारणंही आलं. शिबिराची यादी लावताना बाईंना सर्वांत जड जातं ते हेच. व्हेनेझुएलात 1975 मध्ये होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी सुरू केलेल्या चळवळीनं उलट वाट धरली. निवड नाही, येईल त्या मुलाच्या हाती वाद्य. त्या गर्दीतूनच गुस्ताव्हो दुदामेलसारखा वाद्यवृंद-संचालक पुढे आला. बाईंचा अनुभव सांगतो, की दोन्ही लागतं आणि एकाच्या आधारावर दुसरं उभं राहतं. भजनी मंडळाचं दार सगळ्यांना उघडं असतं, ते तसंच राहायला हवं. त्यातल्या ज्या मुलाला दिवसाचे चार तासही पुरत नाहीत, त्याच्यासाठी वेगळी शाळा हवी. शिबिरात न निवडलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना बाई स्वतः भेटतात. मुलाचं काय चांगलं झालं, जवळ कुठला वर्ग आहे, कोणत्या गावातले बुवा शिकवतात, हे लिहून देतात. यादीत नाव नाही म्हणून गाणं बंद, असं होऊ नये यासाठी ही सगळी धडपड.

आणि फार लवकर चमकलेल्या मुलाचीही काळजी घ्यावी लागते. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात आणि त्या वयात देशभर त्यांचं नाव झालं. तरीही ते बा. र. देवधरांच्या शाळेत शिकायला राहिले आणि नुसती नक्कल संपून स्वतःचा विचार सुरू झाला तो तिथे. आज एखाद्या मुलाचं गाणं मोबाइलवर लाखो लोक ऐकतात, गावात सत्कार होतो, निमंत्रणं येतात. अशा मुलाच्या वडिलांना बाई एवढंच सांगतात, की कार्यक्रम वर्षाला दोन पुरेत, बाकी वेळ त्याला शिकू द्या. काही ऐकतात, काही नाही. शाळा असती तर हा नियम शाळेचा असता, एका बाईचा आग्रह नसता.

शिकवणार कोण, हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत नेहमी निघतो. पदवी आणि बी.एड. झालेला संगीतशिक्षक मिळतो. पण ज्यांच्या हाताखाली वीस-वीस मृदंगवादक तयार झाले, त्या मृदंगाचार्यांकडे कागद नसतो. तांड्यावरच्या आजीकडे तर नसतोच. शिबिरात बाईंनी दोघांनाही बसवलं. सकाळी विशारद झालेले शिक्षक अलंकार, पलटे आणि राग शिकवतात. दुपारी बुवा मृदंगाचे बोल तोंडानं म्हणवून घेतात. संध्याकाळी कुणाची तरी आजी किंवा मामा येतो आणि मुलं त्यांच्याकडून एक गाणं उतरवून घेतात, शब्द आणि स्वरलेखनासह. या वह्या आता बऱ्याच जमल्या आहेत. सरकारी शाळा निघाली तर मानधनावर लोककलावंत नेमण्याची सोय नियमातच हवी, असं टिपण बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं आहे. त्यात प्रत्येक तालुक्यातून आठवीला पाच मुलं, म्हणजे वर्षाला 65, असा हिशेब आहे. बारावीपर्यंतचा नेहमीचा अभ्यासक्रम, रोज तीन तास संगीत, आणि विज्ञान हवं असणाऱ्याला विज्ञान. मुली निदान निम्म्या. हे टिपण लोकप्रतिनिधींपर्यंत आणि शिक्षण खात्यापर्यंत नेण्याचं काम सुरू आहे.

तोवर शिबिर चालूच आहे. यंदा निवडीची पद्धत थोडी बदलली. मुलांनी बुलडाण्याला यायच्या आधी शिक्षकांनीच आपसांत तालुके वाटून घेतले आहेत. कार्तिकातला काकडा, गावचा सप्ताह, भीमजयंती, तांड्यावरचा सण, जिथे मुलं गातात-वाजवतात तिथे जाऊन ऐकायचं, नाव-गाव लिहून आणायचं आणि एसटीचं भाडं शिबिराच्या निधीतून द्यायचं. चिखली आणि मेहकर बाईंकडे आहेत, घाटाखालचे तालुके खामगावच्या तबल्याच्या सरांकडे. शाळांना पाठवलेल्या पत्रकात सूचना तीनच आहेत. चाचणीसाठी गाणं तयार करून आणण्याची गरज नाही. घरी जे वाद्य असेल ते सोबत आणावं, कोणतंही चालेल. आणि ज्या मोठ्या माणसाकडून मूल शिकलं, त्यांनाही बरोबर घेऊन यावं, जेवणाची सोय दोघांची केली आहे.